टीव्हीचा आवाज अप्पांच्या अॅम्प्लिफायरवर : नऊ महिन्यांनी

अप्पांचा स्टीरिओ अॅम्प्लिफायर तीस वर्षांचा. मागच्या बाजूला फोनो (रेकॉर्ड प्लेयर), ट्यूनर (रेडिओ), ऑक्स (इतर कुठलंही उपकरण) आणि टेप यांच्या आरसीए, म्हणजे गोल पिनेच्या, सॉकेटच्या जोड्या, बस्स. नव्या टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, म्हणून गेल्या गणपतीत तो याला जोडायचं ठरवलं.

आधी स्वस्तातला मार्ग धरला. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीची पिन, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए, थेट ऑक्समध्ये. आवाज झकास, पण मागे सतत ‘घूंऽऽ’. एका दुकानदाराने न बघताच सांगितलं, कपॅसिटर गेलाय, सेट ठेवून जा. म्हटलं, थांबा. घरी ट्यूनरवर सिलेक्टर फिरवला तर एकदम शांत, म्हणजे दोष अॅम्प्लिफायरचा नव्हता. मग सेटटॉप बॉक्समागची केबलवाल्याची वायर सोडली आणि घूं जागच्या जागी बंद! केबलच्या वायरीत आतल्या तारेभोवती असलेल्या धातूच्या जाळीचं अर्थिंग कुठेतरी लांब, अॅम्प्लिफायरचं आमच्या थ्री-पिनमधून. दोन्हींत जरासा फरक असला की ऑडिओ वायरच्या जाळीतून करंट वाहतो, आणि तोच ५० हर्ट्झचा घुमारा स्पीकरमधून ऐकू येतो.

मग डॅक आणला, म्हणजे टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून डिजिटल आवाज घेऊन तो अॅम्प्लिफायरला चालेल असा करून देणारा डबा, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, तांब्याची जोडणीच नाही, त्यामुळे घूं गेली. टीव्हीत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ या साध्या प्रकारावर ठेवावं लागतं, डॉल्बीवर असताना आमचा डबा मुकाच राहायचा.

एप्रिलमध्ये मात्र मी शहाणपणा केला. बोर्डात प्लगला जागा नव्हती, म्हणून डॅकला चार्जरऐवजी टीव्हीच्या यूएसबीतून पॉवर दिली. घूं परत हजर. दोन संध्याकाळी वायरी बदलण्यात गेल्या, मग ट्यूब पेटली : यूएसबीच्या निगेटिव्हमधून टीव्ही आणि अॅम्प्लिफायर मीच पुन्हा जोडले होते. वेगळा चार्जर लावला, विषय संपला.

डॅक फोनोमध्ये मात्र खोचू नका. ते सॉकेट रेकॉर्डच्या सुईच्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी असतं. डॅक देतो दोन व्होल्टपर्यंत. मी एकदा खोचलं, आवाज फाटून चिंध्या.

तक्रार एकच, पण रोजची. आमच्या टीव्हीच्या रिमोटने ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त होत नाही. जाहिरात लागली की उठून नॉब फिरवायचा. अप्पा म्हणतात, “तेवढाच व्यायाम.” उठतो मात्र मी.

सोलापूरचा मे महिना डॅकने सोसला. अॅम्प्लिफायर तापला, कारण धूळ नको म्हणून आईने त्याच्या जाळीवर टॉवेल टाकला होता. “आई, त्याला श्वास तरी घेऊ दे,” म्हणालो. टॉवेल गेला, आता ती रोज फडक्याने पुसते. पुसताना टेप मॉनिटरचं, म्हणजे फक्त टेपच्या सॉकेटमधला आवाज ऐकवणारं, बटण दाबलं जातं. त्या सॉकेटला डेक नाही, त्यामुळे सगळं चिडीचूप. आवाज गेला की आधी तेच बटण बघतो.