फायबर पोर्टवर ऑटो ठेवायचं की फिक्स करायचं?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. नवीन एल3 स्विच (राउटिंगपण करणारा) बसवला की कोणीतरी विचारतंच, फायबर पोर्टवर निगोशिएशन (ऑटो, म्हणजे दोन्ही टोकांनी सेटिंग आपसात ठरवायचं) चालू ठेवू का 1000 फुल (1000 एमबीपीएस, फुल डुप्लेक्स) लिहून, म्हणजे फिक्स करून, मोकळा होऊ? मी दोन्ही चालवलंय.

कॉपरवरचं ऑटो स्पीड ठरवतं. गिगाबिट फायबरवर तसं नाही, 1998 च्या 802.3झेड या गिगाबिट स्टँडर्डपासून स्पीड 1000 च, ऑटोचं काम म्हणजे दोन्ही टोकांनी डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा जातो का), फ्लो कंट्रोल (समोरच्याला थोडं थांब म्हणायची सोय) आणि रिमोट फॉल्ट (आपल्या टोकाचा बिघाड) एकमेकांना कळवायचं. त्यामुळे ते बंद केलं तरी स्पीड तोच राहतो आणि माणसाला वाटतं काही बिघडलं नाही.

फिक्सची बाजू खरी आहे. समोर जुना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं कॉपर करणारा डबा) असेल किंवा प्रोव्हायडरनं त्यांच्याकडे निगोशिएशन बंद ठेवलं असेल तर तुम्हालाही बंदच करावं लागतं, नाहीतर त्यांचा पोर्ट अप आणि तुमचा डाउन, मग दोघं फोनवर भांडत बसा. आमच्या ऑफिस ते शेड लिंकवर मी याच सवयीनं दोन्हीकडे फिक्स केलं होतं, वर्षभर छान चाललं.

मग नवरात्रात एका रात्री, घरातले सगळे गरब्याला गेलेले, शेडमधून फोन आला की काहीच चालत नाहीये. ऑफिसच्या स्विचवर बघितलं तर पोर्ट अप, लाइट हिरवा, रिसीव्ह पॉवर (येणारा उजेड) मायनस 7 डीबीएम, सगळं ठीक. शेडचा स्विच मात्र पिंगलाच येईना, मला वाटलं तोच हँग झालाय, दोनदा पॉवर काढून लावायला सांगितला. शेवटी स्वतः गेलो, कन्सोल लावला, तिथे पोर्ट डाउन आणि रिसीव्ह मायनस 40, म्हणजे उजेडच नाही. उंदरानं केबल कुरतडली होती आणि दोन कोअरपैकी (काचेचे तंतू, एक जायचा, एक यायचा) एकच गेला होता, ऑफिसकडून शेडकडे जाणारा. शेडचा लेझर चालूच, म्हणून ऑफिसला लिंक जिवंत दिसत होती. बॅकअप लिंक होती हो, पण ऑफिसच्या स्विचवरचा स्टॅटिक रूट (हातानं लिहिलेला मार्ग) पोर्ट अप असेपर्यंत हटत नाही, त्यामुळे शेडचा ट्रॅफिक बॅकअपनं यायचा आणि उत्तर तुटलेल्या कोअरमधे जायचं.

ऑटो असतं तर शेडचा सिंक (येणाऱ्या सिग्नलशी जुळणी) गेल्याबरोबर त्यानं निगोशिएशन पुन्हा सुरू केलं असतं, ते ऑफिसला कळून तिकडचा पोर्टही पडला असता आणि बॅकअपनं काम घेतलं असतं. मला तरी एवढं पुरलं.

फिक्स ठेवून यूडीएलडी (एकाच दिशेनं चालणारी लिंक ओळखणारा प्रोटोकॉल) लावा असं काहीजण सांगतात, चालतं ते, पण दोन्ही टोकांना सपोर्ट हवा आणि आमच्याकडे दोन मेकचे स्विच. 10जी (10 गिगाबिट) वर हा प्रश्नच येत नाही, तिथे लोकल आणि रिमोट फॉल्टचं सिग्नलिंग स्टँडर्डमधेच आहे. फक्त 10जी च्या पोर्टमधे 1जी चं मॉड्यूल घालत असाल तर जपा, काही स्विचवर स्पीड 1000 लिहिलं की निगोशिएशनपण बंद होतं, काहींवर चालू राहतं, शो इंटरफेस ही कमांड देऊन बघूनच घ्या.

तुमच्याकडे समोरचं डिव्हाइस ऐकत नसेल तर फिक्स करा, इलाज नाही. बाकी ठिकाणी मी आता ऑटोच ठेवतो, आणि लिंक लावून झाली की एलसी कनेक्टरची (फायबरचे दोन प्लग एकत्र धरणारी) क्लिप सोडवून फक्त एक कोअर ओढून बघतो, दोन्हीकडचे लाइट गेले पाहिजेत, मग तो लावून दुसरा ओढतो.