किलाउआ ज्वालामुखीची ऑनलाइन सर्व्हिस: फुकट आहे आणि जबरदस्त आहे

हवाई बेटावरच्या किलाउआ ज्वालामुखीवर नजर ठेवायला यूएसजीएसची म्हणजे अमेरिकन सरकारची एक वेधशाळा आहे, हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी, 1912 पासूनची. त्यांचे कॅमेरे, आलेख, भूकंपांचा नकाशा, रोजचं बुलेटिन, सगळं वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, पैसे नाहीत, लॉगिन नाही. बरेच महिने नियमित बघतेय म्हणून लिहितेय, आणि आधीच सांगते, माझ्याकडून पाचपैकी पाच.

बहुतेक लोक यूट्यूबचं लाइव्हस्ट्रीम बघतात आणि तिथेच थांबतात. ते भारीच आहे, वाद नाही. 23 डिसेंबर 2024 ला किलाउआच्या शिखरावरच्या हालेमाउमाउ विवरात जो उद्रेक सुरू झाला तो सलग नाही, एपिसोडमध्ये येतो, म्हणजे लाव्ह्याचे फवारे उडतात, काही वेळा तर 300 मीटरच्याही वर, मग थांबतात, मग काही दिवस किंवा काही आठवडे गप्प. पण कॅमेऱ्यात दिसतं ते वरवरचं. आत काय शिजतंय ते बघायचं असेल तर टिल्टमीटरचे, म्हणजे जमिनीचा कल मोजणाऱ्या यंत्राचे, आलेख उघडा, या सर्व्हिसचा खरा जीव तिथे आहे असं मला ठामपणे वाटतं.

आत कुणी जाऊ शकत नाही, लाव्हाच 1100 अंश सेल्सिअसच्या वर असतो. म्हणून शास्त्रज्ञ जमिनीचा कल मोजतात. विवराखाली एक-दोन किलोमीटरवर मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, साठतो, खालून नवीन मॅग्मा आला की वरची जमीन फुगते आणि कडेला बसवलेलं यंत्र किंचित तिरकं होतं. किंचित म्हणजे किती, तर मायक्रोरेडियनमध्ये मोजतात, एक किलोमीटर लांब सरळ दांडा घेऊन त्याचं एक टोक फक्त 1 मिलिमीटर उचललं तर जेवढा कल येईल तेवढा 1 मायक्रोरेडियन! आणि हे यंत्र तेवढं पकडतं. आता आलेखावर काय दिसतं बघा, रेघ दिवसेंदिवस वर चढत जाते, फवारे सुरू झाले की धाडकन खाली येते, थांबले की परत चढायला लागते. करवतीच्या दातांसारखा आकार तयार होतो. यूडब्ल्यूडी नावाचं जे स्टेशन आहे त्याची रेघ मी रोज बघते, आणि मागच्या वेळी जेवढी खाली गेली होती तेवढी भरून निघत आली की पुढचा एपिसोड जवळ आला हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं. वेधशाळावाले पण मुख्यतः हेच बघून अंदाज देतात, आणि एक तारीख ठोकून देत नाहीत, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत असं सांगतात, रेघेचा वेग बदलला की अंदाजही बदलतात आणि का बदलला ते लिहितात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

याआधी मी एका अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, नाव नको, त्यात जगातला कुठलाही ज्वालामुखी जरा धुमसला की लाल रंगात 'मोठा धोका' असं नोटिफिकेशन यायचं आणि आत शिरलं की कारण काहीच नाही. बंद केलं.

गॅसचा भाग लोक वगळतात, वगळू नका. मॅग्मा वर येताना कार्बन डायऑक्साइड खूप खोलवरच सुटायला लागतो, सल्फर डायऑक्साइड मात्र बराचसा पृष्ठभागाजवळ आल्यावर सुटतो. म्हणजे कुठला गॅस किती येतोय यावरून मॅग्मा कुठवर आलाय याचा सुगावा लागतो. धुराच्या लोटाखालून गाडी नेत नेत वर आकाशाकडे रोखलेल्या स्पेक्ट्रोमीटरने सल्फर डायऑक्साइड मोजतात, किती अतिनील किरण त्या लोटात अडले त्यावरून.

भूकंपांचा नकाशा तर कितीही वेळ बघत बसावा असा. त्याच बेटावरच्या पाहाला गावाखाली सतत छोटे छोटे धक्के बसत असतात, तेही खूप खोल. 2018 ते 2022 मधले सुमारे 1,92,000 धक्के कॉम्प्युटरला शिकवून शोधून काढले, त्यातून 36 ते 43 किलोमीटर खोलीवर मॅग्माच्या आडव्या थरांचं अख्खं जाळं दिसलं. एवढ्या खोलीवरचं काही आपल्याला 'दिसतं' हेच मला अजून थरारक वाटतं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पण बेसॉल्टच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी असाच लाव्हा थरावर थर साचून झालेला, त्यामुळे घाटातले थर बघताना आता वेगळेच प्रश्न डोक्यात येतात.

हे सगळं हौसेपुरतं नाही हेही सांगायला हवं. 2018 मध्ये मॅग्मा जमिनीखालून पूर्वेकडे सरकला, लेलानी एस्टेट्स भागात फुटला, 700 हून जास्त इमारती गेल्या, आणि इकडे शिखरावरच्या विवराचा तळ 500 मीटरहून जास्त खचला. वेधशाळेची स्वतःची इमारतच नुकसान होऊन सोडावी लागली. तिथल्या लोकांसाठी ही रेघ म्हणजे घर सोडायचं की नाही हा प्रश्न असतो.

आपल्याकडून वापरताना एवढं लक्षात ठेवा. सगळं इंग्रजीत आहे आणि वेळा हवाईच्या आहेत, ते आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे 6 तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ. जेवण झाल्यावर लावलंत तर कॅमेऱ्यात स्वच्छ उजेड मिळेल, अंधारातला लालभडक लाव्हा बघायचा असेल तर आपल्या दुपारी लावा. नवीन असाल तर थेट आलेखांवर उडी मारू नका, आधी 'व्होल्कॅनो वॉच' वाचा, दर आठवड्याला शास्त्रज्ञ स्वतः सोप्या भाषेत लिहितात, टिल्ट म्हणजे काय वगैरे तिथे छान समजतं. मग ईमेल अलर्टला नाव नोंदवा, तेही फुकट, फक्त नोंदवताना यादीतून किलाउआ एकटाच निवडा, नाहीतर अलास्कापासून सगळ्या ज्वालामुखींचे मेल यायला लागतील.