एका गिटारला दोन सॅडल: सगळे ऋतू वापरल्यानंतर

सॉलिड टॉपची (वरची पाटी अखंड लाकडाची) अकूस्टिक गिटार, हाडाच्या दोन सॅडल. सॅडल म्हणजे ब्रिजच्या, टॉपवरच्या लाकडी ठोकळ्याच्या, खाचेत बसणारा पातळ तुकडा; तारा त्यावर टेकतात आणि त्यांची उंची त्यावरून ठरते. एक दमट महिन्यांसाठी, दुसरी कोरड्या. दर ऋतूत एकच सॅडल घासण्यापेक्षा हे बरं, कारण घासलेलं हाड परत वाढत नाही. खाली पट्टी घालून उंची वाढवता येते, पण तो तात्पुरता इलाज.

हवा दमट झाली की टॉप फुगतो, ब्रिजच्या मागे पोट सुटतं आणि तारा वर जातात. कोरड्या हवेत टॉप बसतो, तारा फरफरायला लागतात, फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचतात. पण सॅडलला हात लावण्याआधी नेक, म्हणजे गिटारची मान, किती वाकली आहे ते बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जाडी ई तार 14व्या फ्रेटवर दाबलेली, सातव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये 0.1 ते 0.25 मिमी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक बदलणारी सळई) पाव फेरा घट्ट करा आणि पुन्हा मोजा. निम्म्या वेळा काम इथेच संपतं.

मग 12व्या फ्रेटवर तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन. जाडी ई 2.4 मिमी, बारीक ई 1.8 मिमी हे माप मला दोन्ही ऋतूंत मानवलं. इथे 0.4 मिमी कमी करायचे तर सॅडल 0.8 मिमी घासावी लागते, दुप्पट. घासायची ती फक्त खालची बाजू: काचेवर चिकटवलेला 120 नंबरचा सँडपेपर, शेवटी 220, आणि सॅडलच्या मागे काटकोनी लाकडी ठोकळा. नुसत्या बोटांनी धरली की ती डुलते, टोकं जास्त झिजतात आणि तळ गोल होतो. खाली पिझो पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारी पट्टी) असेल तर कडेच्या तारांचा आवाज बसतो, दोष मात्र पिकअपला दिला जातो.

सॅडल खाचेत बोटाच्या दाबाने बसावी आणि गिटार उलटी केली तरी पडू नये. ढिली असली की ताणाने नटकडे (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या बाजूला) झुकते, सूर चढा लागतो आणि कालांतराने खाचेची पुढची कड चिरते.

बदलताना तारा काढायची गरज नाही. कॅपो लावून त्या सैल करा, पिना काढून तारा बाजूला घ्या. सॅडलच्या टोकावर 'दमट, जाडी बाजू' असं पेन्सिलने लिहून ठेवा. ती उलटीही मजेत बसते, फक्त बी तार बेसूर होते.

तक्रार एकच: दमट हवेची सॅडल बुटकी असते. ब्रिजच्या वर 2 मिमीपेक्षा कमी उरली तर तारेचा उतार कमी पडतो, आवाज मऊ पडतो. तरीही अ‍ॅक्शन उंचच असेल तर दुखणं नेकच्या कोनाचं आहे, आणखी घासू नका.

दोन पावसाळी दिवस बघून सॅडल बदलू नये. लाकूड सावकाश हलतं. हायग्रोमीटरचा (आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दोनेक आठवडे टिकला की बदला. आणि आर्द्रता 40 टक्क्यांखाली गेली तर आधी केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवा. टॉपला तडा गेला तर उंच सॅडल काही करू शकत नाही.