बर्लिनची फेर्नवेर्मे : सहा हिवाळ्यांचा अनुभव

फेर्नवेर्मे म्हणजे दूरच्या केंद्रातून पाइपने घरोघरी येणारी ऊब. बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागातल्या आमच्या इमारतीत ना गॅसचा बॉयलर, ना धुराडं. तळघरात पत्र्याने मढवलेले दोन जाड पाइप आणि एक मीटर, बस्स. श्प्रे नदीकाठच्या क्लिंगेनबर्ग वीजकेंद्रात तापलेलं पाणी एका पाइपातून येतं, इमारतीला ऊब देऊन दुसऱ्यातून परत जातं. बाहेर उणे दहा असताना घरात एकवीस अंश. रात्री विरजण लावून भांडं हायत्सुंगजवळ (खोलीतल्या रेडिएटरजवळ) ठेवलं की सकाळी कवडीसारखं घट्ट दही!

एका जानेवारीत बेडरूममधला हायत्सुंग खालून गरम, वरून गारच. घरमालकांना तीन मेल केले, आठवडा गेला. शेवटी शेजारच्या आजी एक छोटी चावी घेऊन आल्या. झडप उघडताच फुस्स करून हवा सुटली, मागोमाग काळपट पाणी, आणि पाच मिनिटांत पत्रा तापला. फेर्नवेर्मेचा यात काही दोष नव्हता.

माझे बाबा एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात टर्बाइनवर होते. इथे आले तेव्हा त्यांना क्लिंगेनबर्ग दाखवायला नेलं. टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेची उष्णता इथे घरांना देतात, हे ऐकून ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही ही सगळी ऊब नाशिकच्या आभाळात सोडायचो गं."

घरी आल्यावर फेर्नवेर्मेचा वर्षाचा हिशेब बघताना त्यांनी विचारलं, "कंपनीचं नाव का बदललं?" 2005 मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तेव्हा ते नोकरीत होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडणारच. इथली गोष्ट तर 1884 पासूनची. उद्योजक एमिल राथेनाऊंच्या पुढाकाराने खासगी वीज कंपनी निघाली, 1915 मध्ये ती शहराने घेतली, 1923 पासून नाव बेवाग. शहराची फाळणी झाली तशी तिचीही झाली. 1948-49 च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिमेकडचं वीजकेंद्र उभारायला यंत्रसामग्री चक्क विमानांनी आणली! एकीकरणानंतर दोन्ही भाग पुन्हा जुळले, पण 1997 मध्ये कर्जात बुडालेल्या शहराने आपला हिस्सा विकला आणि पुढे कंपनी स्वीडनच्या व्हाटेनफॉलकडे गेली. मे 2024 मध्ये बर्लिनने उष्णतेचा व्यवसाय परत विकत घेतला. आता नाव बीईडब्ल्यू. मला याचा मनापासून आनंद झाला. घराची ऊब शहराच्याच हातात असावी.

एक तारा मात्र कापते. वीज कुणाकडून घ्यायची ते आपण ठरवू शकतो, फेर्नवेर्मेला दुसरा पुरवठादारच नाही. शिवाय क्लिंगेनबर्गने 2017 मध्ये लिग्नाइट (तपकिरी कोळसा) सोडून पूर्णपणे गॅस धरला, तरी शहरातल्या रॉयटर वेस्ट वीजकेंद्रात दगडी कोळसा अजून जळतो. तो 2030 पर्यंत थांबवायचं ठरलंय, आणि मी त्यावर लक्ष ठेवून आहे.

पाचपैकी चार. बर्लिनमध्ये घर बघायला जाल तेव्हा इमारतीचं ऊर्जा प्रमाणपत्र मागा, फेर्नवेर्मे आहे की गॅस ते त्यावर लिहिलेलं असतं. आणि ती छोटी चावी दोन-तीन युरोंना मिळते, पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा.