एल्डोरा स्पीडवे: जॅक ह्युइटने काय केलं ते इथं बसून कळलं

ओहायोमधल्या रॉसबर्गला एल्डोरा स्पीडवेवर सप्टेंबरमधली फोर क्राउन नॅशनल्स, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्यांच्या रेस, बघून आलो. पाचपैकी पाच स्टार.

गेलो होतो खरं तर रेस ड्रायव्हर जॅक ह्युइटपायी. तो याच ओहायोतल्या ट्रॉयचा, आता रेस करत नाही, पण 1998 ला याच ट्रॅकवर एका रात्रीत मिजेट, स्प्रिंट, सिल्व्हर क्राउन आणि मॉडिफाइड अशा चार प्रकारच्या गाड्यांच्या चारही मेन रेस त्याने मारल्या होत्या, आणि ते अजून दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. 2011 ला काइल लार्सन या ड्रायव्हरने एका रात्रीत तीन जिंकल्या तेवढंच. त्याच 1998 च्या मे महिन्यात हा माणूस 46 व्या वर्षी इंडी 500 या अमेरिकेतल्या मोठ्या रेसमध्ये रूकी, म्हणजे नवखा, म्हणून उतरला होता आणि बारावा आला, वय बघा! सिल्व्हर क्राउनची चॅम्पियनशिप 1986 आणि 87 ला, ते वेगळंच.

पण वाचणं वेगळं आणि तिथं बसणं वेगळं. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, वळणं भिंतीसारखी उभी, स्प्रिंट कारला स्टार्टरच नसतो म्हणून मागनं ट्रक ढकलत आणतो आणि मग एकदम इंजिन पेटतं ना, तो आवाज छातीत बसतो. सुरुवातीला माती ओलसर असते, ग्रिप असते, पण जसजशी रात्र चढते तसा खालचा भाग घासून गुळगुळीत होतो आणि सैल माती वर भिंतीपाशी साचते, त्याला कुशन म्हणतात, मागचं उजवं चाक त्यावर टेकवून फुल थ्रॉटल जायचं, जरा चुकलं की भिंत. म्हणजे ह्युइटला दर रेसला गाडी वेगळी आणि ट्रॅकपण वेगळा! मिजेट छोटी, चार सिलिंडरची, चटकन वळणारी, सिल्व्हर क्राउन लांब आणि जड, मॉडिफाइड तर पूर्ण निराळी, त्यातून उतरून लगेच दुसरीत बसायचं आणि हातापायांनी आधीची सवय विसरायची. मला त्या चार विजयांमधली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, स्पीड नाही.

जाणार असाल तर वळणाकडच्या बाजूला, जरा वर बसा, कुशन नीट दिसते. इअरप्लग आणि साधा चष्मा न्याच, माती अंगावर येतेच, मी तर दुसऱ्या दिवशीपण केसातून काढत होतो. आणि सिल्व्हर क्राउन संपेपर्यंत उठू नका.