अख्खा सिनेमा की तीन मिनिटांचा प्रसंग?

मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला सिनेमातून इंग्रजी शिकवायचं म्हटलं, की आधी सिनेमाच्या नावावरून चर्चा रंगते. माझ्या मते आधी ठरवायला हवं ते हे: अख्खा दाखवायचा की एखादाच प्रसंग?

अख्ख्या सिनेमात गोष्टीची ओढ असते, मागच्या बाकावरची मुलंही जागची हलत नाहीत. पण ‘फाइंडिंग निमो’ (२००३) सुमारे १०० मिनिटांचा, म्हणजे आपल्या तीन तासिका त्यातच गेल्या. शिवाय गोष्ट चित्रांवरूनच कळते, त्यामुळे इंग्रजी ऐकण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वेब आणि रॉजर्स या अभ्यासकांनी २००९ साली ३१८ चित्रपटांचे संवाद तपासले. त्यातले ९५ टक्के शब्द ओळखीचे व्हायला नेहमीच्या वापरातले सुमारे ३००० मूळ शब्द, त्यांच्या रूपांसकट, यावे लागतात. नववीत एवढी पुंजी किती जणांकडे असते?

प्रसंग मात्र तीनदा दाखवता येतो. आधी आवाज बंद ठेवून, मुलं मराठीतून अंदाज बांधतील. मग इंग्रजी सबटायटल्ससह, मध्ये मध्ये थांबवत. शेवटी सबटायटल्सशिवाय. त्यासाठी ‘निमो’तली विसराळू डोरी फार कामाची. ‘पी. शर्मन, ४२ वॉलाबी वे, सिडनी’ हा पत्ता ती इतक्यांदा घोकते, की कच्च्या मुलालाही तो ऐकून लिहिता येतो. ‘द जंगल बुक’ (२०१६) मोगली ओळखीचा म्हणून निवडावासा वाटतो. पण त्यात लांडगे म्हणतात तो जंगलचा कायदा मूळ पुस्तकाचे लेखक किपलिंग यांच्या पद्यातला, जुन्या वळणाचा. तेवढा प्रसंग टाळलेला बरा. प्रसंग निवडण्यात आणि शब्द काढण्यात शिक्षकाची आदली संध्याकाळ जाते, हा या पद्धतीचा खरा तोटा.

हिंदी किंवा मराठी सबटायटल्स लावली, की मुलं ती वाचत बसतात आणि इंग्रजी नुसतं कानांवरून जातं. वर्ग फारच बुजरा असेल तर पहिल्या वेळेपुरती चालतील. इंग्रजी सबटायटल्समुळे उच्चार आणि स्पेलिंग एकत्र भेटतात. मात्र ओळ दोन-तीन सेकंदांत जाते, म्हणून थांबवणं आलंच.

वर्षभर प्रसंग आणि वार्षिक परीक्षेनंतर अख्खा सिनेमा, मी तरी असंच करेन. आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर प्रोजेक्टरआधी चांगला स्पीकर घ्या. चित्र लॅपटॉपवर गटागटाने बघता येतं. पंख्याच्या घरघरीत बुडालेला संवाद कुणालाच ऐकू येत नाही.