आठवड्याची गोळ्यांची डबी: सकाळचा एक कप्पा पुरत नाही

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड आणि जोडीला हृदय किंवा गुडघे, अशी दुखणी एकत्र आली की दिवसाला आठ-दहा गोळ्या सहज होतात. लिहून देणारे डॉक्टर तीन, घ्यायच्या वेळा पाच आणि लक्षात ठेवणारं माणूस सत्तरीचं. अशा घरासाठी मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारी २८ कप्प्यांची डबी (सात दिवस, रोजचे चार कप्पे) खरोखर कामाची आहे. ‘सकाळची गोळी घेतली का?’ याचं उत्तर झाकण उघडलं की मिळतं, आणि तीच गोळी दुसऱ्यांदा पोटात जात नाही.

आखणी मात्र चुकलेली आहे, आणि ती सकाळीच चुकते. बहुतेक डब्यांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार कप्पे असतात. पण थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायचं असतं. ॲसिडिटीवरची पँटोप्राझोल आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड नाश्त्याआधी, मधुमेहाचीच मेटफॉर्मिन नाश्त्यानंतर. सगळं एका कप्प्यात ठेवलं की एकाच घोटाबरोबर जातं. त्यात कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मग रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी पडला की वाढणारा आकडा) वाढलेलं दिसतं आणि डोस वाढवला जातो, खरं कारण कप्प्यात असतं. संध्याकाळी काही नसेल तर वर चिकटपट्टी लावून कप्प्यांची नावंच बदला: नाश्त्याआधी, नाश्त्यानंतर, दुपारी, रात्री. थायरॉक्सिन तिच्या बाटलीतच, उशाशी ठेवा.

उपासाच्या दिवसाचा विचार ही डबी करत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत जेवण नाही, पण कप्पा भरलेला आहे म्हणून ग्लिमेपिराइड घेतली, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. भरतानाच कॅलेंडर बघा आणि त्या दिवसाचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

सगळ्याच गोळ्या डबीत जात नाहीत. डॅबिगॅट्रान (रक्त पातळ ठेवणारी), निकोरँडिल (हृदयाची), सोडियम व्हॅल्प्रोएट (फिट्सवरची) यांना दमट हवा सोसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी मूळ पाकिटात किंवा बाटलीत, हाताशी असावी. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा डोस आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी चाचणी) बघून मध्येच बदलतो, म्हणून तीही बाहेरच बरी. सर्वांत जपायची ती मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच असते, आणि चुकून रोज गेली तर जिवावर बेतते. तिच्याबरोबर दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही बहुधा पिवळीच, त्यामुळे गल्लत होते. बाहेर ठेवलेल्या गोळीच्या कप्प्यात ‘बाटलीतली घ्या’ अशी चिठ्ठी टाका. स्ट्रिपचे तुकडे कात्रीने कापून मात्र कप्प्यात ठेवू नका. नजर कमी असलेली माणसं ते फॉइलसकट गिळतात आणि त्याच्या कडा अन्ननलिकेला इजा करतात.

भरण्याची पद्धत: एकाने यादी वाचावी, दुसऱ्याने भरावं. दिवसानुसार भरू नका. एक औषध घ्या, ते सातही दिवसांत टाका, मग पुढचं. शेवटी प्रत्येक कप्प्यातल्या गोळ्या मोजून यादीशी ताळा करा. यादीत ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव लिहिलंच पाहिजे. टेल्मा आणि टेल्मिकाइंड ही नावं वेगळी, आत रक्तदाबाचं टेल्मिसार्टनच. इकोस्प्रिन-एव्हीमध्ये कोलेस्टेरॉलचं ॲटोर्वास्टॅटिन असतंच, तरी दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते वेगळं लिहिलेलं असू शकतं. डबी आंधळेपणाने भरली तर हा दुप्पट डोस रोज नेमाने जात राहतो. डबीचं खरं मोल या भरण्याच्या अर्ध्या तासात आहे. सगळ्या डॉक्टरांची औषधं एका टेबलावर एकदम दिसण्याची घरातली ही एकच वेळ. जुळी औषधं सापडली तर स्वतः बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

विकत घेताना झाकण एका अंगठ्याने उघडून बघा. सुजलेल्या किंवा बधिर बोटांना घट्ट झाकणं उघडत नाहीत, आणि फार सैल असली तर पिशवीत सगळं सांडतं. मेटफॉर्मिन १००० सारख्या मोठ्या गोळीसकट पाच गोळ्या कप्प्यात मावून झाकण बसायला हवं. धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. आधी निम्म्या गोळ्या विसरल्या जात होत्या आणि डॉक्टरांनी तेव्हाच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या आकड्यांवरून डोस वाढवलेला होता, असं पुष्कळदा असतं. डबी आली की सगळा डोस अचानक पोटात जायला लागतो. उभं राहिल्यावर चक्कर, पडणं, साखर घसरणं हे तेव्हा घडतं. डबी सुरू करण्याआधी किती गोळ्या खरोखर घेतल्या जात होत्या ते डॉक्टरांना सांगा. पहिले दोन आठवडे साखर मोजा आणि रक्तदाब बसून व उभं राहून, दोन्हीही वेळा बघा.

रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर डबी घरी राहू दे. स्ट्रिपा, बाटल्या आणि यादी न्या. सुट्या पांढऱ्या गोळ्यांकडे बघून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना काहीच ओळखता येत नाही.